कोकण किनाऱ्यावरून पायी: पहिल्या आठवड्याचा टप्पा कसा आखायचा

अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या वेशीवरच्या रेडीपर्यंत अख्खा किनारा पायी चालायचा, हे एकदा डोक्यात शिरलं की सुटत नाही. पण त्यासाठी लागते तेवढी सलग रजा फार थोड्यांना मिळते. म्हणून हा किनारा तुकड्यातुकड्यांनी चालायचा. या हिवाळ्यात एक आठवडा, पुढच्या हिवाळ्यात जिथे थांबलो तिथून पुढे. हा लेख त्या पहिल्या आठवड्यासाठी आहे. आधी किल्ले चढलेले असलेच पाहिजेत असं नाही. रोज चार-पाच तास चालायची तयारी आणि थोडा धीर असला की पुरे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, इथे आखलेली पायवाट नाही. दगडांवर बाण नाहीत, पाट्या नाहीत. पुळण (वाळूचा किनारा) संपली की खडप (खडकाळ किनारा) लागतं, खडपावरून वर चढलं की सडा (कातळाचं पठार), सड्यावरून पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) उतरलं की पुन्हा एखादी वाडी, आणि मध्येच आडवी आलेली खाडी. यातलं काय कधी चालता येईल हे समुद्र ठरवतो. डोंगरातल्या ट्रेकची आखणी आपण अंतर आणि चढ बघून करतो. किनाऱ्याची आखणी भरती-ओहोटीपासून सुरू करायची, अंतर त्यानंतर.

टप्पा निवडताना

पहिल्या खेपेला मी केळशी ते गुहागर हाच टप्पा सुचवीन. रत्नागिरी जिल्ह्यातला, दापोली तालुक्याचा जवळजवळ सगळा किनारा आणि शेवटी वाशिष्ठीची खाडी ओलांडून गुहागर. फिरत-फिरत गेलात तर एकूण ७०-८० किलोमीटर होतात. सहा दिवस चालणं आणि एक दिवस राखीव.

हा टप्पा निवडण्याचं मुख्य कारण दापोली. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, लाडघर, दाभोळ या सगळ्या गावांतून दापोलीला एसटी जाते. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप आला, तर त्याला तासा-दीड तासात सरकारी रुग्णालय असलेल्या गावात पोचवता येतं. नवख्या गटाला ही सोय फार मोलाची आहे. श्रीवर्धन-हरिहरेश्वरचा किंवा देवगड-विजयदुर्गचा किनाराही सुंदर आहे, पण तिथे खाड्यांचे वळसे आणि गावांमधली अंतरं सांभाळायला थोडा अनुभव हाताशी असलेला बरा.

दुसरं कारण असं, की या टप्प्यात मोठी खाडी एकच, वाशिष्ठीची म्हणजेच दाभोळची, आणि तिथे फेरीबोट आहे. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल झालेला आहे. त्यामुळे होडीवाला भेटेल की नाही या चिंतेत अख्खा दिवस जात नाही.

तारीख पंचांगातून काढा

हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. त्याआधी ऑक्टोबरचं ऊन, त्यानंतर दमट उकाडा. जून ते सप्टेंबर किनाऱ्याने चालण्याचा विचारही नको. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडाही टाळा. खोल्या मिळत नाहीत आणि मुरूड-कर्द्याच्या पुळणीवर गाड्यांची गर्दी असते.

आता तिथी. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. भरतीच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि तेवढ्याच वेळाने नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे मच्छीमारांच्या भाषेत सुकती. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज पाऊण तासाने पुढे.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तिथीचा क्षय किंवा वृद्धीही होते. त्यामुळे निघण्यापूर्वी मोबाईलवर जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक काढून त्याच्याशी ताडून घ्या आणि सातही दिवसांच्या वेळा एका कागदावर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पण आठवडा कोणता निवडायचा हे ठरवायला पाऊणपटीसारखं सोपं साधन नाही.

आपल्याला हवी सकाळची ओहोटी. उन्हाळा नसला तरी कोकणात अकरानंतर पुळणीवर चालणं जिवावर येतं. सकाळी मात्र पूर्वेचे डोंगर आणि काठावरची माड-सुरूची झाडं यांची सावली बराच वेळ वाळूवर राहते. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर द्वितीयेला चालायला सुरुवात करा. द्वितीयेला पूर्ण ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास, तृतीयेला आठ, चतुर्थीला पावणेनऊ, पंचमीला साडेनऊ. पहिले चार दिवस, जेव्हा सगळ्यांत जास्त चालणं वाळू-खडपातून आहे, तेव्हा समुद्र सकाळी मागे सरलेला मिळतो. षष्ठीपासून ओहोटी दुपारकडे सरकते, पण तोवर तुम्ही कोळथऱ्याच्या पुढे गेलेले असता आणि तिथून बहुतेक वाट रस्त्याचीच आहे.

याचा आणखी एक फायदा आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप आत जातं. अष्टमीकडे जाता-जाता जोर ओसरतो, त्याला भांगाची भरती म्हणतात. द्वितीया-तृतीयेला ओहोटी अजून मोठी असते, त्यामुळे चालायला कडक ओल्या वाळूचा रुंद पट्टा मिळतो. कोरड्या भुसभुशीत वाळूत तासभर चाललात की या पट्ट्याची किंमत कळते.

दिवसवार आखणी

खेड स्टेशनला उतरून दापोली, दापोलीहून केळशी. आदल्या दिवशी दुपारपर्यंत केळशीत पोचा. खाडीच्या तोंडाशी वाळूची जुनी टेकडी आहे, ती समुद्राने आणि माणसांनी बरीच खाल्ली आहे. तिच्यावर चढू नका, खालूनच बघा.

पहिला दिवस केळशी ते आंजर्ले. पुळण संपली की उटंबरचा डोंगर आडवा येतो. तो खडपातून वळसा घालून पार करण्याचा मोह होईल, पण पहिल्या दिवशी वरून रस्त्यानेच जा. आडे गावात चहा घ्या, पुढे पाडल्याच्या किनाऱ्याने आंजर्लं. हा दिवस लांब वाटतो, कारण पाय अजून वाळूला सरावलेले नसतात.

दुसरा दिवस छोटा ठेवा. सकाळी पाखाडीने कड्यावरच्या गणपतीला जाऊन या. वरून सुवर्णदुर्ग आणि पुढचा सगळा किनारा दिसतो, दोन दिवसांची वाट डोळ्यांखाली घालून घेता येते. मग पुलावरून हर्णै. दुपारनंतर बंदरावर मासळीचा लिलाव भरतो. होड्या दूर उभ्या, तिथून बैलगाड्यांतून टोपल्या वाळूवर येतात आणि बोली अशी भरभर चालते की नवख्याला आकडाही कळत नाही. कडेला उभे रहा, वाटेत येऊ नका. मुक्काम हर्णैला किंवा तासाभराच्या अंतरावर मुरूडला. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव, आणि तिथलं दुर्गादेवीचं देऊळ लाकडी खांबांवरच्या कोरीव कामासाठी थांबून पाहावं असं आहे.

तिसरा दिवस मुरूड, कर्दे, लाडघर. मुरूड-कर्द्याची पुळण या टप्प्यातली सगळ्यांत सुखाची चाल. कर्दे संपल्यावर टेकडी चढून उतरावं लागतं. लाडघरला तामस तीर्थाजवळ पाणी तांबूस दिसतं.

चौथा दिवस लाडघर, बुरोंडी, कोळथरे. बुरोंडीनंतर सडा लागतो. जांभ्याचा उघडा कातळ, सावलीला झाड नाही, पाण्याचा थेंब नाही. बुरोंडीत बाटल्या काठोकाठ भरून घ्या आणि दहाच्या आत सडा मागे टाका. या एका पट्ट्यासाठी माणशी तीन लिटर पाणी न्या, हे मी आग्रहाने सांगतो. संध्याकाळी कोळथऱ्याचं कोळेश्वराचं देऊळ आणि आगरांमधली (नारळी-पोफळीच्या बागांमधली) थंडगार पाणंद.

पाचवा दिवस कोळथरे ते दाभोळ, मुख्यतः रस्त्याने. दाभोळला चंडिकादेवीचं देऊळ कातळातल्या गुहेत आहे आणि जेटीजवळ जुनी शाही मशीद. दाभोळात राहण्याच्या सोयी मोजक्याच, म्हणून मुक्काम फोनवर आधी पक्का करा किंवा संध्याकाळच्या फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला जाऊन पुढे गुहागरला वाहनाने पोचण्याचा पर्याय हाताशी ठेवा.

सहावा दिवस फेरीबोट, धोपावे, वेलदूर, अंजनवेल, गुहागर. वेलदूर-अंजनवेलच्या भागात वीज प्रकल्प आणि एलएनजी टर्मिनल असल्यामुळे किनाऱ्याने जाता येत नाही, रस्ताच धरायचा. अंजनवेलला गोपाळगड आणि दीपगृह वाटेवर आहे. शेवटी गुहागरची लांबच लांब पुळण येते आणि डांबरावर वैतागलेले पाय पुन्हा वाळूला लागतात.

सातवा दिवस राखीव. तो शेवटी वापरायचा असं नाही. तिसऱ्या दिवशी कुणाच्या टाचेला फोड आले तर तिथेच वापरून टाका.

खडप, ओहोळ आणि खाजण

खडपाचा नियम एकच: पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर शिरायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात बाहेर पडायचं. पाणी चढत असताना कुठल्याही टोकाला वळसा घालायचा नाही, पलीकडची पुळण कितीही जवळ दिसत असली तरी. मागे कडा आणि पुढे पाणी अशा जागेतून सुटकेची वाट नसते. ओहोटीला खडपात कालवं काढायला बायका येतात. त्यांच्याइतकं ते खडप आणि ती सुकती कुणालाच ठाऊक नसते. त्या टोपल्या उचलून परत फिरल्या की तुम्हीही फिरा.

कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. खडपावर अनवाणी पाऊल नको, आणि तोल गेला तरी उघड्या तळव्याने खडक धरू नका. हिरव्या शेवाळावर पाय टाकण्याऐवजी पांढरट खरखरीत भागावर टाका.

लहान ओहोळ ओहोटीच्या वेळी, जिथे पाणी पसरून उथळ झालंय तिथून ओलांडा. सॅकचा कंबरपट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येईल. खाडीच्या तोंडात मात्र गुडघाभर पाणी दिसलं तरी उतरायचं नाही. ओहोटीचं पाणी बाहेर पडताना जी ओढ असते ती वरून दिसत नाही. कांदळवनातला चिखल पायाने चाचपत जाण्यातही अर्थ नाही, एक पाय मांडीपर्यंत गेला की दुसरा टेकवायला जागा उरत नाही. परत फिरून रस्ता धरा.

नकाशावर सगळ्यात उपयोगी पडतं ते उपग्रहाचं चित्र. ते घरूनच मोबाईलमध्ये उतरवून घ्या, डोंगराच्या कुशीतल्या गावांत नेटवर्कचा भरवसा नसतो. चित्रात पुळण कुठे संपते, काळं खडप कुठे सुरू होतं, खाजणाचा (खाडीकाठच्या दलदलीचा) हिरवा पट्टा कुठवर आत गेलाय, सगळं दिसतं. आणि तरीही वाटेत विचारा. मात्र ‘किती लांब आहे?’ असं विचारू नका, हल्ली सगळे दुचाकीच्या हिशेबाने सांगतात. ‘काका, आत्ता खडपातून पुढच्या पुळणीला जाता येईल का?’ असं विचारा. ‘पाणी चढतंय, वरून जा’ असं उत्तर आलं की वाद न घालता वरून जा.

पाय आणि पाठ

पुळणीला समुद्राकडे उतार असतो. दक्षिणेकडे चालताना उजवा पाय सतत खाली पडतो, डावा वर. तासन्‌तास असं चाललं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघ्याची बाहेरची बाजू आणि कंबर बोलायला लागते. त्यावर उपाय म्हणजे ओहोटीला पाण्याच्या जवळ जो सपाट पट्टा उघडा पडतो तिथून चालणं. भरतीच्या वेळी वर तिरक्या वाळूत रेटत राहण्यापेक्षा आगरामागचा रस्ता बरा.

उंच ट्रेकिंग बूट इथे नकोत. वाळू आणि पाणी आत गेलं की ते दिवसभर वाळत नाहीत. मागे पट्टा असलेले, चांगल्या तळव्याचे सँडल खडप-पुळणीसाठी आणि हलके स्पोर्ट्स शूज रस्त्यासाठी, अशी जोडी उत्तम. ओल्या पायात मोजे घालू नका. खारं पाणी सुकल्यावर मिठाचे कण कातडी सोलतात, म्हणून मुक्कामाला पोचताच पाय आणि मांड्या गोड्या पाण्याने धुवायच्या, कोरड्या करायच्या. सकाळी निघताना मांड्यांना आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावा.

रोज रात्री घरगुती निवास आणि जेवण मिळतं, तेव्हा तंबू, स्टोव्ह, भांडी काहीच लागत नाही. सॅक पाण्यासकट सात-आठ किलोंच्या वर जाता कामा नये. दोन जोड कपडे, पातळ पंचा, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टॉर्च, पॉवरबँक, ओआरएसच्या पुड्या, चिकटपट्टी, नेहमीची औषधं. सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून. निघण्याआधी महिनाभर शनिवार-रविवार हीच सॅक घेऊन सलग दोन दिवस चाला. पहिला दिवस सगळ्यांनाच जमतो, शरीर काय म्हणतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

राहणं, जेवणं, वागणं

घरगुती निवासात माणसं मोजून स्वयंपाक होतो. आदल्या दिवशी फोन करून किती जण, शाकाहारी किती, मासे खाणारे किती हे सांगा आणि उशीर होणार असेल तर दुपारीच कळवा. सकाळी साडेसहाला निघायचं असल्याने नाश्ता बांधून मागा. घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत छान टिकते. मुक्कामी पोचल्यावर आधी कोकम सरबत, मग पाय वर करून पडणं. रोख पैसे थोडे जास्त ठेवा, मोबाईलवरून पैसे नेटवर्क असेल तरच जातात.

आगरांमधून जाणाऱ्या वाटा बहुधा कुणाच्या तरी मालकीच्या असतात. गडगा (दगडी कुंपण) ओलांडून उडी मारू नका, बेडं (फाटक) उघडलंत तर मागे लावून घ्या, आणि घरासमोरून जाताना हाक मारून ‘जाऊ का इथून?’ विचारा. वाळूवर पसरलेली जाळी आणि सुकत घातलेली मासळी यांवर पाऊल पडू देऊ नका. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वेळास आणि आंजर्ल्याला गावकऱ्यांनी त्यांच्या संरक्षणाचं काम उभं केलं आहे. त्यामुळे रात्री पुळणीवर शेकोटी, दिवे, गाणी नकोत, आणि कुंपण घातलेल्या घरट्यांच्या जवळ जाऊ नका.

साप-विंचू

सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, रंग मातीसारखा, लांबीला लहान. बसण्यापूर्वी जागा बघा, दगड उचलू नका, झुडपात हात घालू नका, अंधारात टॉर्चशिवाय चालू नका. सकाळी सँडल-बूट झटकून घाला, विंचवासाठी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा वापर रूढ केला आणि कोकणात असंख्य जीव वाचले. पण औषध वेळेत मिळालं तरच. दंश झाला तर कापणं-चोखणं-बांधणं काही न करता माणसाला शांत ठेवून, चालू न देता, थेट सरकारी दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीला ११२. पहिल्या खेपेला एकट्याने जाऊ नका, तीन-चार जणांचा गट योग्य. आणि रोज संध्याकाळी घरच्या एका माणसाला उद्याचं गाव आणि मुक्कामाचा फोन नंबर कळवा.

परतताना

गुहागरहून चिपळूणला एसटी मिळते, साधारण दीड तास लागतो, आणि चिपळूणला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. आरक्षण आठव्या दिवशीचं करा, म्हणजे राखीव दिवस वाटेत खर्च झाला तरी गाडी चुकत नाही. घरी गेल्यावर वहीत कुठली पुळण किती वाजता, किती पाणी असताना चाललात ते लिहून ठेवा. पुढचा टप्पा गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, मग फेरीबोटीने जयगड आणि मालगुंडवरून गणपतीपुळे. त्यात खडप जास्त आहे, तेव्हा तिथली तारीख काढताना या नोंदी लागतील.